तीव्र मानसिक आजारांवरील संशोधनासाठी अनुदान कसे मिळवावे: नागपूर-विदर्भातील मानसशास्त्रज्ञांसाठी मार्गदर्शन

नागपुरात मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन स्किझोफ्रेनिया, बायपोलर डिसऑर्डर यांसारख्या तीव्र मानसिक आजारांवर संशोधन करू इच्छिणारे तरुण अभ्यासक भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'पैसा कोण देईल' असा असतो. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ज्या रुग्णांचा अभ्यास करायचा आहे त्यांच्यापर्यंत आपण कोणत्या संस्थेमार्फत, कोणाच्या परवानगीने आणि कोणती जबाबदारी पत्करून पोहोचणार, हे आधी ठरले पाहिजे. ज्या प्रस्तावात याचे लेखी उत्तर नाही, तो त्यातील कल्पना कितीही उत्तम असली तरी छाननीत अडकतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ताणतणाव किंवा परीक्षेची चिंता या विषयांवर वर्गात प्रश्नावली वाटून काम भागते. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात तसे भागत नाही आणि भागूही नये.

आधी रुग्णालय ठरवावे

नागपूरची या बाबतीतील स्थिती राज्यातील अनेक शहरांपेक्षा चांगली आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालापासूनचे असून येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी यांच्यासह ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्र विभाग आहेत, मिहानमध्ये एम्स आहे आणि जवळच सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र या संस्था वेगवेगळ्या छत्राखाली येतात, ही गोष्ट नवख्या संशोधकाच्या ध्यानात येत नाही. मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत आहे, मेडिकल व मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तर एम्स ही केंद्र सरकारची संस्था आहे. त्यामुळे परवानगीचा अर्ज कोणत्या टेबलावरून कोठे जाणार, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. एका संस्थेची परवानगी दुसऱ्या संस्थेत चालेल असे गृहीत धरून वेळापत्रक आखले, तर पहिले सहा महिने पत्रव्यवहारातच जातात.

संस्था निवडताना आपला प्रश्न समोर ठेवावा. वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या व्यक्तींचे पुनर्वसन हा विषय असेल, तर मनोरुग्णालयाला पर्याय नाही. आजाराची पहिली लक्षणे दिसल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत किती काळ गेला हे पाहायचे असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसावे लागेल. घरी राहणारे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय यांचा अभ्यास करायचा असेल, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची केंद्रे अधिक उपयोगी ठरतात. निवड झाली की प्रस्तावाचा एक अक्षरही लिहिण्यापूर्वी त्या विभागाच्या प्रमुखांना किंवा रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून दोन पानी टिपण द्यावे आणि त्यावर तत्त्वतः सहमतीचे पत्र मागावे. हे पत्र पुढे प्रत्येक अर्जाला जोडावे लागते.

याच भेटीत मनोविकारतज्ज्ञ सहसंशोधक मिळवावा. रुग्णाचे निदान, औषधोपचार आणि अभ्यासादरम्यान प्रकृती बिघडल्यास घ्यायचा वैद्यकीय निर्णय या तिन्ही गोष्टींसाठी तो आवश्यक आहे. मात्र त्यांना अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सहीपुरते बोलावू नये. प्रश्न ठरवण्यापासून ते सोबत असतील, तर 'असे रुग्ण आमच्याकडे महिन्याला किती येतात' हा आकडा त्यांच्या नोंदींतून मिळतो, आणि नमुना आकाराचे गणित हवेत राहत नाही. अभ्यासात चिकित्सकीय मूल्यमापन किंवा उपचार असतील, तर ते करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीही प्रस्तावात नमूद करावी.

संमती

या क्षेत्रातील प्रस्तावाचा कणा म्हणजे संमतीचा भाग, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला असून त्याचे कलम ९९ संशोधनाविषयी आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची असेल अथवा तिच्यावर मानसशास्त्रीय, शारीरिक, रासायनिक किंवा औषधी स्वरूपाचा कोणताही प्रयोग करायचा असेल, तर त्या व्यक्तीची स्वतःची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती घेतलीच पाहिजे, असे हे कलम सांगते. 'आम्ही फक्त प्रश्न विचारणार आहोत' ही सबब त्यामुळे कायद्याने बाद होते.

व्यक्ती संमती देण्यास असमर्थ असेल, पण सहभागाला विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे आजारी व्यक्तीच्या वतीने निर्णयांत मदत करण्यासाठी कायद्यानुसार नेमलेल्या व्यक्तीच्या, संमतीच्या आधारे प्राधिकरण ती देऊ शकते, परंतु त्यासाठी काही अटी आहेत. हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या व्यक्तींवर करणे शक्य नसले पाहिजे, ते अशाच रुग्णांच्या मानसिक आरोग्याच्या गरजांशी निगडित असले पाहिजे, संशोधकांचे व संस्थांचे हितसंबंध पूर्णपणे उघड केलेले असले पाहिजेत आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळालेली असली पाहिजे. व्यक्तीची ओळख गुप्त ठेवून केवळ जुन्या केसपेपरांचा अभ्यास करायचा असेल, तर मात्र कायदा आडवा येत नाही. पहिलेच संशोधन असणाऱ्यांनी या मार्गाचा गांभीर्याने विचार करावा, कारण नोंदींवर आधारित छोटा अभ्यास कमी खर्चात होतो आणि पुढच्या मोठ्या प्रस्तावाला प्राथमिक पुरावा म्हणून उभा राहतो.

स्किझोफ्रेनिया आहे म्हणजे संमती देण्याची क्षमता नाही, असे गृहीत धरून थेट भावाची किंवा वडिलांची सही घेण्याची पद्धत अजूनही दिसते. ती सोडून द्यावी. क्षमता निर्णयागणिक आणि दिवसागणिक बदलते. भ्रम तीव्र असताना अभ्यासाचा हेतू समजून घेऊ न शकणारी व्यक्ती तीन आठवड्यांच्या औषधोपचारानंतर तो नीट समजून घेऊन 'मला नको' असे ठामपणे सांगू शकते. म्हणून क्षमता कशी तपासणार, कोण तपासणार आणि ती नसल्याचे आढळल्यास पुन्हा केव्हा तपासणार, याचा स्वतंत्र परिच्छेद प्रस्तावात असावा. शिवाय दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या व्यक्तीला डॉक्टरांसोबत आलेल्या माणसाला नकार देणे अवघड जाते. तिच्या उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने संमती घ्यावी, अशी तरतूद केल्यास हा दबाव बराच कमी होतो.

संमतीपत्राची भाषा हा नैतिकता समितीसमोर हमखास निघणारा मुद्दा आहे. 'सदर अभ्यासातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक स्वरूपाचा असून सहभाग नाकारल्यास उपचारविषयक लाभांवर विपरीत परिणाम होणार नाही' असे वाक्य भंडाऱ्याहून आलेल्या शेतमजूर आईला वाचून दाखवले, तर ती मान हलवेल, पण तिला काय समजले हे आपल्याला कळणार नाही. त्याऐवजी 'तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. तुमच्या मुलाची गोळी बंद होणार नाही, आणि डॉक्टर पूर्वीसारखेच तपासतील' असे लिहावे, आणि नंतर 'मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारून तिचे उत्तर नोंदवावे. नागपुरात मराठीबरोबर हिंदी प्रत लागतेच. गडचिरोलीतून येणाऱ्यांसाठी गोंडी किंवा माडिया बोलणारा दुभाषी लागू शकतो, आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात धरावे लागते.

संस्थेची नैतिकता समिती नोंदणीकृत आहे की नाही, हेही तपासावे. अनेक कला महाविद्यालयांत अशी समिती नसते; अशा वेळी ज्या रुग्णालयात अभ्यास होणार आहे तेथील समितीकडे अर्ज करता येतो का, हे प्रस्तावापूर्वीच विचारून घ्यावे. अभ्यासात कोणताही उपचार किंवा प्रशिक्षण द्यायचे असेल, उदाहरणार्थ सामाजिक कौशल्यांचे गटसत्र किंवा कुटुंबीयांचे समुपदेशन, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये पहिल्या सहभागीच्या आधी नोंदणी करावी. ही नोंदणी केवळ औषधांच्या चाचण्यांसाठी असते, हा मानसशास्त्रज्ञांमधील समज चुकीचा आहे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करण्याची सोय राहिलेली नाही.

पैसा देणाऱ्या संस्था

पीएच.डी.च्या टप्प्यावर असणाऱ्यांनी आधी शिष्यवृत्तीकडे पाहावे. नेटमधून मिळणाऱ्या यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ शिष्यवृत्तीची ४२,००० रुपये झाली आहे. राज्य पातळीवर अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच असल्याने शंका समक्ष विचारता येतात. आई-वडिलांच्या एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले अधिछात्रवृत्ती आहे. हे पैसे संशोधकाच्या निर्वाहासाठी असतात. सामाजिक शास्त्रांसाठी यूजीसीच्या शिष्यवृत्तीत आकस्मिक खर्च पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १०,००० रुपये एवढाच असतो, त्यामुळे चार जिल्ह्यांत फिरण्याची योजना त्यावर आखू नये.

प्रकल्प अनुदानासाठी कोणाकडे जावे हे विषयाची कोणती बाजू आपण धरतो यावर ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएमआर, रोगाचा प्रसार, उपचारांची परिणामकारकता आणि आरोग्य यंत्रणेत ते कसे राबवायचे अशा प्रश्नांना पैसा देते. तिचे अर्ज ऑनलाइन आणि प्रस्ताव मागवणारे आवाहन निघाल्यावरच स्वीकारले जातात. स्वयंसेवी संस्थेमार्फत अर्ज करायचा असेल, तर तिला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) मान्यता आहे का ते पाहावे लागते. १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएसएसआर, कलंक, कुटुंबावरील भार, विवाह, रोजगार, मनोरुग्णालयातून घरी परतल्यावरचे जीवन या बाजूंसाठी योग्य आहे, आणि विद्यापीठ विभागांतील मानसशास्त्रज्ञांना तिचे दार तुलनेने जवळचे वाटते. स्मृती, अवधान, निर्णयप्रक्रिया यांतील बिघाडांवर काम करणाऱ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा २००८ साली सुरू झालेला बोधन विज्ञान (कॉग्निटिव्ह सायन्स) संशोधन उपक्रम आहे. योग व ध्यान यांच्या परिणामांवर त्याच विभागाचा 'सत्यम' कार्यक्रम आहे.

एकच विषय वेगवेगळ्या संस्थांकडे वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. समजा, विषय आहे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनी मध्येच औषध सोडणे. आयसीएमआरसाठी तो 'आशा सेविकेच्या पाठपुराव्याने औषध सोडण्याचे प्रमाण किती घटते' असा मोजता येणारा प्रश्न होईल. आयसीएसएसआरसाठी तोच 'मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असताना कुटुंब औषध का लपवते' असा सामाजिक प्रश्न होईल. मूळ मजकूर तोच ठेवून फक्त संस्थेचे नाव बदलून पाठवलेले अर्ज परीक्षकांच्या लगेच लक्षात येतात.

विदेशी स्रोतांत, ज्यांनी नुकतीच डॉक्टरेट घेतली आहे त्यांच्यासाठी अमेरिकेतील ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशनचे तरुण संशोधक अनुदान आहे. दोन वर्षांसाठी ७०,००० डॉलरपर्यंत मिळणाऱ्या या अनुदानाला इतर देशांतील संशोधकही अर्ज करू शकतात. लंडनच्या वेलकम संस्थेच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात चिंता, नैराश्य आणि सायकोसिस (वास्तवाचे भान सुटण्याची अवस्था) यांवर भर आहे. २००८ पासून जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम यांची इंडिया अलायन्स अधिछात्रवृत्तीही आहे, पण तिथली स्पर्धा तीव्र असते आणि चांगली शोधपत्रे हाताशी असल्याशिवाय वेळ खर्च करण्यात अर्थ नाही. विदेशी निधी किंवा विदेशी सहकारी असला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. स्वयंसेवी संस्थेमार्फत पैसा येणार असेल, तर विदेशी योगदान नियमन कायद्याची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने घेऊन दुसरीला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. पुण्या-मुंबईतील संस्था पैसा घेईल आणि नागपूरच्या संस्थेला त्यातला वाटा देईल, अशी रचना म्हणूनच आता कागदावरसुद्धा मांडू नये.

प्रस्तावाचे लेखन

'विदर्भात असा अभ्यास झालेला नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात असते आणि त्याने कोणाचे मत पालटत नाही. अभ्यास न झाल्याने नेमके काय अडले आहे, ते सांगावे लागते. एक ठोस आधार असा. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. आपल्या शेजारची मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात ही राज्ये त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजारांचे आयुष्यभरातील प्रमाण १.९ टक्के आढळले, आणि विविध मानसिक आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. विदर्भाच्या सीमेपलीकडचे आकडे उपलब्ध आहेत, पण अलीकडच्या जिल्ह्यांतील सेवा त्यांच्यावरून आखाव्या लागतात, ही मांडणी परीक्षकाला पटते, कारण तिच्यातून आपल्या अभ्यासाचा उपयोग दिसतो.

मोजमापाच्या साधनांची निवड करताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: साधन परवान्याचे आहे का, त्याची तपासलेली मराठी आवृत्ती आहे का आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे. लक्षणांसाठी वापरली जाणारी ३० बाबींची पॅन्स श्रेणी परवान्याची आहे आणि प्रशिक्षणाशिवाय दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची हूडास २.० ही १२ किंवा ३६ प्रश्नांची प्रश्नावली अपंगत्व मोजण्यासाठी विनाशुल्क मिळते, तर आयडियाज ही भारतीय परिस्थितीसाठी तयार झालेली श्रेणी मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व मोजते. भाषांतर, उलट भाषांतर आणि छोट्या गटावरील चाचणी यांसाठी वेळापत्रकात किमान चार महिने ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

अंदाजपत्रकात मानसशास्त्रज्ञ सर्वाधिक कंजुषी करतात ती सहभागींच्या प्रवासखर्चात, आणि अभ्यास कोलमडतो तोही तिथेच. तीव्र मानसिक आजार असलेली व्यक्ती बहुधा एकटी येत नाही. सोबत येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीची दोघांची दोन्ही वेळची तिकिटे लागतात, दुपारचे जेवण लागते, आणि भामरागडकडून येणाऱ्यांना तर मुक्काम करावा लागतो. समजा १२० सहभागी आहेत आणि प्रत्येकाला तीनदा बोलवायचे आहे, तर ३६० भेटी होतात. एका भेटीला सरासरी १,००० रुपये धरले तरी ३,६०,००० रुपये होतात. हा आकडा पाहून बिचकू नये आणि तो 'इतर खर्च' या शीर्षाखाली दडवूही नये. तिकीट, मजुरी, जेवण असे पोटभाग पाडून समर्थन लिहावे. भरपाई आणि आमिष यांतील सीमारेषा नैतिकता समिती पाहते, म्हणून रक्कम प्रत्यक्ष खर्चाशी जुळती असावी.

मनुष्यबळाचे दर अनुदान देणाऱ्या संस्थेच्या परिपत्रकाप्रमाणेच लावावेत. घरभाडे भत्त्यासाठी केंद्र सरकारच्या वर्गीकरणात नागपूर 'वाय' श्रेणीत येते, त्यानुसार रक्कम काढावी. मुंबईच्या एखाद्या जुन्या प्रस्तावातून तक्ता उचलला की येथेच चूक होते. संगणक, कॅमेरा अशा वस्तूंची लांबलचक यादी टाळावी.

सहभागींच्या सुरक्षिततेचे कलम मनापासून लिहावे. मुलाखतीदरम्यान कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर पुढच्या दहा मिनिटांत काय होईल, हे त्यात स्पष्ट असावे: मुलाखत कोण थांबवेल, कोणत्या डॉक्टरांना फोन जाईल, रात्री आठनंतर कोण उपलब्ध असेल, कुटुंबाला काय सांगितले जाईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागीला द्यावा, पण केवळ तो छापून आपली जबाबदारी संपली असे मानू नये. आजार असलेल्या व्यक्तींना आपल्याकडे शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हटले जाते; शक्य असल्यास एका शुभंकराला आणि बऱ्या झालेल्या एका शुभार्थीला सल्लागार मंडळात घ्यावे व त्यांना इतर सदस्यांइतकेच मानधन द्यावे. कोणता प्रश्न टोचतो आणि कोणत्या वेळी बोलावणे सोयीचे असते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

नाकारलेल्या प्रस्तावावर परीक्षकांचे अभिप्राय मिळाले, तर प्रत्येक मुद्द्यापुढे आपण काय बदलले ते लिहून सहसंशोधकांना दाखवावे आणि पुढच्या आवाहनासाठी तयार राहावे. रुग्णालयाचे सहमतीपत्र आणि नैतिकता समितीची मान्यता यांची मुदत तोवर संपणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आल्यावर संस्थेच्या लेखा विभागासोबत बसून ते ओळीओळीने वाचावे. केंद्र सरकारच्या अनुदानाचा हिशेब पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन वित्त प्रणालीत ठेवावा लागतो, खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर १२-ए या नमुन्यात द्यावे लागते आणि अनुदानावर मिळालेले व्याज शासनाला परत करावे लागते. पुढचा हप्ता या प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, त्यामुळे मार्च उजाडण्याची वाट न पाहता डिसेंबरमध्येच खर्चाचा ताळा घ्यावा. एका शीर्षातील पैसे दुसऱ्याकडे वळवायचे असतील, तर आधी लेखी परवानगी घ्यावी. सहभागी मिळण्यास उशीर झाला, पावसाळ्यात गडचिरोलीचे रस्ते बंद राहिले, तर वाढीव खर्चाशिवाय मुदतवाढ मागता येते. पण अर्ज मुदत संपण्यापूर्वी आणि कारणांच्या नोंदींसह करावा लागतो.

निष्कर्षांचे दोन पानी मराठी टिपण रुग्णालयाचे अधीक्षक, जिल्हा मानसिक आरोग्य पथक आणि सहभागी कुटुंबे यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा छपाई व टपाल खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा, कारण शेवटच्या वर्षी नवे शीर्ष उघडून मिळत नाही.